चाचणी सर्व्हर नसताना रेंगाळलेले सॉफ्टवेअर अद्ययावतीकरण : धार व देवास परिसरातील लहान उद्योगांच्या संदर्भात

प्रस्तावना

धार जिल्ह्यातील पीथमपूर आणि देवास ही माळव्यातील महत्त्वाची औद्योगिक केंद्रे होत. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे अनेक लहान उद्योगही येथे आहेत. लहान उद्योगात खरेदी, साठा, बिले व पगारपत्रक हे सर्व एकाच सर्व्हरवर असणे ही नेहमीची गोष्ट आहे. आधी प्रयोग करून पाहण्यासाठी दुसरा सर्व्हर नसतो. परिणामी 'चालू आहे ते चालू द्या' या विचाराने सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण वर्षानुवर्षे लांबणीवर पडते. यातील धोका कसा हाताळावा, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

समस्येचे स्वरूप

धोका दोन्ही बाजूंनी आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर त्रुटीवरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी उपलब्ध करून दिली. ती न बसविलेल्या संगणकांवर १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' पसरला. त्यानंतर २७ जून रोजी 'नॉटपेट्या'ने तीच त्रुटी वापरली. मर्स्क कंपनीची यंत्रणा बंद पडली आणि नवी मुंबईजवळील जेएनपीटी बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. मात्र नॉटपेट्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता, आणि चोरलेल्या पासवर्डच्या आधारे तो दुरुस्ती केलेल्या संगणकांतही शिरला. तसेच १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. अर्थात, अपडेट टाळणे जसे घातक, तसे डोळे मिटून करणेही घातक होय.

विलंबामुळे अडचण वाढत जाते. अनेक टप्पे मागे राहिलेले सॉफ्टवेअर बहुधा एका उडीत पुढे नेता येत नाही. शिवाय अपडेट होताना डेटाबेसची रचनाच बदलली, तर केवळ जुना प्रोग्राम पुन्हा बसवून मागे येता येत नाही. बॅकअप हाच परतीचा मार्ग उरतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलणे सर्वांनाच भाग पडले. सक्तीचा दिवस उजाडण्यापूर्वी तयारी असणे हिताचे, हा त्याचा धडा आहे.

उपाययोजना

१. नोंद : प्रत्येक सॉफ्टवेअरची आवृत्ती, पुरवठादाराचे साहाय्य संपण्याची तारीख आणि आपल्यासाठी खास करवून घेतलेले बदल एका वहीत लिहावेत. अपडेटनंतर अडचण बहुधा या खास बदलांतच येते.

२. बॅकअपची परीक्षा : पूर्ण बॅकअप घेऊन तो एखाद्या साध्या डेस्कटॉपवर प्रत्यक्ष उघडून पाहावा. उघडला नाही तर तो बॅकअप नव्हेच. एक प्रत नेटवर्कपासून वेगळी ठेवावी.

३. तात्पुरती चाचणी : बॅकअप उघडलेला हाच डेस्कटॉप, किंवा त्यावरील व्हर्च्युअल मशीन, चाचणीसाठी वापरावे. तो नेटवर्कपासून तोडावा; अन्यथा नकली बिले वा ई-मेल खऱ्या ग्राहकांकडे जातील. त्याचा वेग कमी असेल, परंतु अपडेट पूर्ण होते की नाही व किती वेळ लागतो, हे कळते.

४. विभागणी : सुरक्षा दुरुस्त्या आणि नव्या सुविधा एकाच दिवशी बसवू नयेत. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे दोष कोठे आहे ते सापडते.

५. वेळ : महिनाअखेर, पगाराचा दिवस आणि जीएसटी विवरणपत्राच्या ११ व २० या तारखांच्या आसपासचे दिवस टाळावेत. पुरवठादाराचा माणूस फोनवर मिळेल असाच दिवस निवडावा.

६. ताळा : अपडेटपूर्वीचे तेरीजपत्रक, अखेरचा साठा आणि येणे-देणे छापून ठेवावे व नंतरच्या आकड्यांशी जुळवावे. एक बिल व एक पगारचिठ्ठी काढून पाहावी.

७. परतीची वेळ : अमुक वाजेपर्यंत ताळा जुळला नाही तर मागे फिरायचे, हे आधीच लिहून ठरवावे. पहिल्या दिवसाचे व्यवहार कागदावरही नोंदवावेत. कारण बॅकअपवर परतल्यास मधल्या नोंदी नाहीशा होतात.

जोपर्यंत अपडेट करता येत नाही, तोपर्यंत तो सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये, अनावश्यक सेवा बंद कराव्यात आणि प्रशासकाचा पासवर्ड दैनंदिन कामासाठी वापरू नये.

निष्कर्ष

चाचणी सर्व्हर नसणे ही साधनांची उणीव आहे. चाचणीच न करणे ही पद्धतीची उणीव होय. पहिली दूर करण्यास पैसा लागतो, दुसरी एक डेस्कटॉप, एक वही व एका सुट्टीच्या दिवसात बरीच भरून निघते. मात्र हे काम कोणी करावे व मागे फिरण्याचा निर्णय कोणी घ्यावा, हे मालकाने लेखी ठरवून दिले पाहिजे. अन्यथा दोष आल्यावर सारा भार एकट्या हिशेबनिसावर पडतो, आणि पुढच्या वेळी तोही अपडेटला हात लावण्यास धजत नाही.