स्वयंचलित ड्रोन आणि त्याचा धनी
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. अलीकडे त्या गर्दीवर ड्रोनही घिरट्या घालतात. यंत्र आपणहून उडते, मग जबाबदार कोण, असे सौंसरकडील तरुण विचारतात. ‘स्वयंचलित’मधील ‘स्वयं’ मला फसवे वाटते. 2021 च्या ड्रोन नियमांनी स्वयंचलनाने वा दूरनियंत्रणाने उडणारी दोन्ही वैमानिकरहित विमाने एकाच व्याख्येत घेतली. उडविणाऱ्याचे दायित्व कायमच राहिले. 250 ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’स वैमानिकाचे प्रमाणपत्र व विमा माफ, नोंदणी मात्र हवीच. हिरव्या क्षेत्रात कमाल उंची सामान्यतः 400 फूट. परंतु पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा परिसर एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र ठरवू शकतो. म्हणून गोटमारीचे चित्रण करू इच्छिणाऱ्याने आधी पोलीस ठाण्यात चौकशी करावी.