एकाच रांगेतली दोन मतं

20 नोव्हेंबर 2024 रोजी नांदेडच्या मतदारापुढे दोन मतं होती. एक विधानसभेचं, दुसरं लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे ती पोटनिवडणूक लागली होती. निकाल लागला तेव्हा या लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या होत्या आणि खासदारकी मात्र काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांना मिळाली, 1,457 मतांनी. मतदार तेच, रांगही तीच.

याला कुणी मतदारांचा घोळ म्हणेल. मला तसं वाटत नाही. वडिलांच्या जागी उभ्या राहिलेल्या मुलाला एक मत द्यायचं आणि आमदार निवडताना वेगळा हिशेब करायचा, यात गोंधळ कुठे आहे? त्याच मतदारसंघातलं देगलूर बघा. 2021 च्या पोटनिवडणुकीत जितेश अंतापूरकर काँग्रेसकडून निवडून आले, 2024 मध्ये भाजपकडून. नेतेच इतक्या सहज घर बदलतात, मग मतदारानं कोणत्या दाराशी बसून राहायचं?

एकेकाळी घरंच पक्षाची असायची. ‘आमचं घर पंजाचं’, ‘आमच्यात खटाऱ्याशिवाय शिक्का पडत नाही’ असं लोक सरळ सांगत. खटारा म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचं तेव्हाचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी गेली, गाय-वासरू आलं, मग पंजा आला, तरी घरं फारशी हलली नाहीत. कारण ओढ चिन्हापेक्षा माणसांशी होती. सोसायटी, साखर कारखाना, दूध संघ, शाळेतली नोकरी, सगळ्यांची वाट त्याच पुढाऱ्याच्या वाड्यावरून जायची. त्या निष्ठेत जिव्हाळा होता तशी गरजही होती, हे विसरून जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

आता पक्षच फुटतात. मग चिन्हावरून भांडण झालं तर काय करायचं, याचा नियम 1968 च्या निवडणूक चिन्ह आदेशात आहे. त्यातल्या 15 व्या परिच्छेदानुसार, दोन गटांपैकी खरा पक्ष कोणता हे निवडणूक आयोग ठरवतो. पक्षाची घटना, संघटनेतलं बळ, विधिमंडळातलं बळ असं सगळं तपासलं जातं, पण फेब्रुवारी 2023 मध्ये शिवसेनेच्या आणि फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रवादीच्या बाबतीत निर्णय झाला तो आमदार-खासदारांच्या संख्येवर. शिवसेनेच्या निकालात आयोगानं मांडलेला एक हिशेब प्रत्येक मतदारानं वाचावा असा आहे. 2019 मध्ये निवडून आलेल्या 55 आमदारांना मिळून जेवढी मतं पडली होती, त्यातली सुमारे 76 टक्के मतं एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेलेल्या 40 आमदारांची होती. ती मतं पडली तेव्हा पक्ष एकच होता आणि फुटीचं नावही कुणाच्या मनात नव्हतं. तरी आमदार जिकडे गेला तिकडे त्याची मतंही गेली, असं धरलं गेलं. मतदाराला मोजलं, विचारलं मात्र नाही. माझ्या मते पक्ष आणि मतदार यांच्यातला दुरावा इथूनच वाढला.

पक्षांतरबंदी कायदा 1985 चा. आधी त्यात एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला मुभा होती. 2003 च्या घटनादुरुस्तीनं ती काढली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची पळवाट तेवढी उरली. म्हणून आता फुटणारा गट ‘आम्ही फुटलो’ असं म्हणतच नाही. ‘मूळ पक्ष आम्हीच’ असा त्याचा दावा असतो.

निष्ठा टिकवणाऱ्या मतदारालाही याची झळ बसली. राष्ट्रवादीच्या फुटीनंतर शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवं चिन्ह मिळालं आणि त्याच वेळी अपक्षांच्या चिन्हांत लोक जिला पिपाणी म्हणतात ती होती. 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात पिपाणीवाल्या अपक्षाला 37 हजारांवर मतं पडली. पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे हरले ते 32 हजारांच्या फरकानं. दिंडोरीत तर पिपाणीला लाखावर मतं गेली. ती सगळीच चुकून गेली असं म्हणता येणार नाही, पण वर्षानुवर्षं राष्ट्रवादीच्या घड्याळाचं बटण दाबलेल्या म्हाताऱ्या माणसाला यंत्रावर आपला पक्ष शोधावा लागला, हे खरं आहे.

त्याच वर्षी लोकसभेत महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा देणाऱ्या राज्यानं सहा महिन्यांच्या आत विधानसभेत महायुतीला 230 च्या वर जागा दिल्या. मधल्या काळात ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याला 1,500 रुपये बायकांच्या खात्यात जमा होऊ लागले होते. ‘बायका विकल्या गेल्या’ असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. कारखान्याच्या नोकरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या मत देणाऱ्या पुरुषांना कुणी विकलं गेलेलं म्हटलं नव्हतं, म्हणून ते बोलणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय मतदार घरीही बसला नाही. विधानसभेचं मतदान 2019 मध्ये 61 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 66 च्या आसपास गेलं. मतदानावरचा त्याचा विश्वास शाबूत आहे, पक्षाला मात्र तो आता दर वेळी नव्यानं पारखतो.

सांगोल्याची गोष्ट मात्र जरा वेगळी. गणपतराव देशमुख 1962 पासून शेतकरी कामगार पक्षाकडून तिथे 11 वेळा निवडून आले, पक्ष न बदलता. 2019 मध्ये ते उभे नव्हते आणि त्यांच्या नातवाचा 768 मतांनी पराभव झाला. जिंकलेले शहाजीबापू पाटील 2022 मध्ये शिवसेनेच्या बंडात गुवाहाटीला गेले. तिथल्या झाडी-डोंगरांचं वर्णन करणारा त्यांचा फोन राज्यभर गाजला. 2024 मध्ये तिरंगी लढत झाली आणि गणपतरावांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. शेकापला राज्यात मिळालेली ती एकमेव जागा.