मायक्रोफोनचे घर आणि पेणचा साचा

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती डोळ्यांपुढे येतात. पेण शहर आणि त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे वर्षभर या कामात गुंतलेली असतात. एका कुशल हाताने घडवलेल्या मूळ मूर्तीवरून साचा निघतो आणि साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. त्या घासणे, रंगवणे, डोळ्यांची आखणी करणे ही कामे वेगवेगळे हात करतात. बऱ्याच मूर्ती तर न रंगवताच, ‘कच्च्या’ स्वरूपात, दूरच्या गावी रवाना होतात. एका नमुन्यावरून सारख्या मापाच्या अनेक पोकळ वस्तू, अनेक माणसांनी मिळून, कमी खर्चात कशा करायच्या, याचे उत्तर या गावांना ठाऊक आहे.

हेच उत्तर विज्ञानाच्या एका वेगळ्या कामात कसे वापरता येईल, ते या लेखात पाहू. काम आहे शाळेत जुळवलेल्या स्टुडिओ मायक्रोफोनसाठी घर, म्हणजे कवच, तयार करण्याचे. एका शाळेने एकच कवच करायचे म्हटले तर ते महाग पडते आणि मनासारखेही होत नाही. पेण आणि रोहा तालुक्यांतील वीस शाळांनी मिळून वीस कवचे केली तर? आधी मुळात कवच लागतेच कशाला, ते पाहू.

असा मायक्रोफोन हवा कशाला?

आगरी समाजातील लग्नांत धवलारीण धवले गाते. हे धवले बहुतेक वयस्क बायकांच्या तोंडी आहेत आणि त्या बायकांची संख्या कमी होत चालली आहे. विद्यार्थ्यांनी ते ध्वनिमुद्रित करून ठेवले तर मोलाचा ठेवा होईल. मोबाईलवर मुद्रण होते हे खरे. पण त्यातील ध्वनिग्राहक आणि त्यामागची संगणकीय गाळणी जवळून बोललेल्या शब्दांसाठी योजलेली असते. दोन-तीन हातांवर बसून गाणाऱ्या बायकांचा आवाज, त्यातील चढउतार आणि मागची साथ नीट टिपायची तर मोठ्या पडद्याचा संधारित्र मायक्रोफोन उपयोगी पडतो. ई. सी. वेंटे यांनी १९१६ साली या प्रकारचा मायक्रोफोन तयार केला. त्याचे तत्त्व आजही तेच आहे.

एक अतिशय पातळ, धातूचा मुलामा दिलेला पडदा आणि त्यामागे अगदी जवळ एक धातूची चकती असे हे संधारित्र असते. ध्वनीने पडदा हलला की दोहोंमधील अंतर बदलते, त्यामुळे धारिता बदलते आणि विद्युतदाबात चढउतार होतो. सुमारे एक इंच व्यासाचा पडदा असलेली कॅप्सूल तयार मिळते. तिच्यामागचे छोटे मंडल बारावीचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली जुळवू शकतात. बाजारात सहज मिळत नाही ते नेमक्या मापाचे कवच.

कवच नसेल तर काय होते?

थोडे गणित करू. कॅप्सूलची धारिता ६० पिकोफॅरड धरू. खोलीत ट्यूबलाइट, पंखा आणि भिंतीतून गेलेल्या २३० व्होल्टच्या तारा आहेत. या तारा आणि कॅप्सूल यांच्यामध्येही हवा आहे, म्हणजे तेही एक संधारित्रच झाले. त्याची धारिता अगदी क्षुल्लक, समजा ०.०१ पिकोफॅरड आहे. ही दोन संधारित्रे एकापुढे एक आल्यामुळे कॅप्सूलवर २३० × ०.०१ ÷ ६०, म्हणजे जवळजवळ ३८ मिलिव्होल्ट दाब येतो. आता गाण्याचा आवाज पाहा. साधारण मोठ्या आवाजात पडद्यावर ०.१ पास्कल दाब पडतो असे धरले आणि एका पास्कलला १० मिलिव्होल्ट मिळतात असे मानले, तर गाण्याचा संकेत फक्त १ मिलिव्होल्ट भरतो. म्हणजे विजेची घूंऽऽ अशी गुणगुण गाण्याच्या ३८ पट! धवले ऐकूच येणार नाहीत.

उपाय फॅरडेने १८३६ सालीच दाखवून दिला आहे. विद्युतवाहक पिंजऱ्याच्या आत बाहेरचे विद्युतक्षेत्र पोचत नाही. कॅप्सूल आणि मंडल धातूच्या पेटीत ठेवले आणि ती पेटी मंडलाच्या भूमीला, म्हणजे तीन टाचण्यांच्या एक्सएलआर जोडणीतील पहिल्या टाचणीला, जोडली की गुणगुण बंद होते. कॅप्सूलसमोर मात्र पत्रा चालणार नाही. तेथे जाळी हवी. हवा जाळीतून जाते, विद्युतक्षेत्र मात्र अडते.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. ट्रान्सफॉर्मरजवळचे चुंबकीय क्षेत्र पितळ किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने अडत नाही. पन्नास हर्ट्झला असे क्षेत्र ॲल्युमिनियममध्ये सुमारे १२ मिलिमीटर खोलवर शिरते. त्यापासून दूर बसणे हाच सोपा उपाय.

कोकणची दमट हवा

मंडलाच्या तोंडाशी एक गिगाओहम, म्हणजे शंभर कोटी ओहम, रोध असतो. ६० पिकोफॅरडबरोबर तो सुमारे अडीच हर्ट्झपर्यंतचे नीच ध्वनीही पोचू देतो. आता पावसाळ्यातल्या दमट हवेमुळे किंवा बोटाच्या घामामुळे तेथे गळतीची वाट तयार झाली आणि रोध उतरून एक कोटी ओहम झाला, तर ही सीमा शंभर पटीने वाढून सुमारे २६५ हर्ट्झवर जाते. ढोलकीचा घुमारा आणि आवाजाचा भरीवपणा नाहीसा होतो. म्हणून कॅप्सूलची बैठक ओल न शोषणाऱ्या पदार्थाची हवी, तिला उघड्या बोटाने हात लावू नये, आणि मायक्रोफोन डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा.

कवचाचा आवाज

कवच स्वतः गाऊ लागते, ही दुसरी अडचण. जाळीच्या डोक्यात समोरासमोर सपाट, समांतर भिंती ५ सेंटिमीटर अंतरावर असतील तर अर्धी तरंगलांबी ५ सेंटिमीटर असलेला ध्वनी तेथे घुमतो. ध्वनीचा वेग ३४० मीटर प्रति सेकंद धरल्यास ही वारंवारता ३४०० हर्ट्झ येते. शब्दांचा स्पष्टपणा ज्या पट्ट्यात असतो तेथेच ही भर पडते. म्हणून जाळी गोलाकार किंवा तिरकी आणि भरपूर उघडी ठेवावी. खालच्या १५ सेंटिमीटर लांबीच्या बंद नळीतही सुमारे ११३० हर्ट्झला घुमारा असतो. नळीच्या तोंडाशी आडवी चकती आणि आत लोकरीचे नमद्याचे तुकडे ठेवले की तो शमतो.

साच्याचे शास्त्र

पेणच्या कारागिरांकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे साचा. प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये पाणी घातले की त्याचे पुन्हा जिप्सम होते आणि उष्णता बाहेर पडते. शंभर ग्रॅम प्लॅस्टरला रासायनिक क्रियेसाठी जेमतेम १९ ग्रॅम पाणी पुरते; पण ओतता यावे म्हणून आपण ६० ते ७० ग्रॅम घालतो. उरलेले पाणी वाळून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे राहतात. म्हणूनच प्लॅस्टर पाणी शोषते. माती वाळताना आकसते, तर प्लॅस्टर घट्ट होताना किंचित फुगते. त्यामुळे मापाच्या कामाला प्लॅस्टर बरे.

मूर्तीच्या हाताखाली, कानामागे खोलगट जागा असतात. ताठ साचा तेथे अडकतो, म्हणून तो अनेक तुकड्यांचा करावा लागतो. रबराचा साचा मात्र सालीसारखा सोलून काढता येतो.

आपल्या कामात दोन्ही उपयोगी आहेत. जाळीला घुमटाचा आकार देण्यासाठी प्लॅस्टरचा भरीव ठोकळा करावा. त्यावर पितळी जाळी दाबून बसवली की वीसही डोकी सारखी निघतात. कॅप्सूलची बैठक मात्र प्लॅस्टरची नको, कारण ते ओल धरते. ती रबराच्या साच्यात रेझिन ओतून करावी. नळी कापणे आणि आटे पाडणे ही कामे लेथवर होतात. रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांच्या देखभालीसाठी लागणारी लेथची कामे करणारा कारागीर तेथे शोधता येईल.

एकच माप सर्वांचे

मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. १९९८ सालच्या २६ जानेवारीपासून हा संपूर्ण मार्ग खुला झाला. प्रशासन बदलते, पण डब्यात बसलेल्या प्रवाशाला ते कळतही नाही, कारण रुळांमधले अंतर दोन्हीकडे १६७६ मिलिमीटर आहे. वेगवेगळ्या ठिकाणी केलेले भाग एकमेकांत बसायचे तर जोडाचे माप आधी ठरले पाहिजे.

समजा नळीचा आतील व्यास ४५ मिलिमीटर आणि तीत बसणाऱ्या कड्याचा बाहेरील व्यास ४४.८ मिलिमीटर ठरवला, आणि दोन्हींत ०.१ मिलिमीटर इकडे-तिकडे चालेल असे सांगितले. सर्वांत वाईट जोडी कोणती? ४४.९ ची नळी आणि ४४.९ चे कडे: जेमतेम शिरेल. दुसरे टोक ४५.१ आणि ४४.७: फट ०.४ मिलिमीटर. हे चालत असेल तरच सूट द्यावी. शाळेतील व्हर्निअर कॅलिपर ०.१ मिलिमीटरच दाखवतो, म्हणून तपासणीसाठी एक साधी दांडी करून घ्यावी. तिचे एक टोक ४४.९ आणि दुसरे ४५.१ मिलिमीटरचे. पहिले टोक नळीत गेले पाहिजे, दुसरे अडकले पाहिजे. आठवीचा विद्यार्थीही ही तपासणी बिनचूक करतो.

खर्चाची वाटणी

आराखडा, नमुना, ठोकळा, साचा आणि तपासणीची दांडी यांचा खर्च ६००० रुपये धरू. हा एकदाच होतो. प्रत्येक नगाचे सामान व मजुरी ४०० रुपये धरू. मग एकच नग केला तर तो ६४०० रुपयांना पडतो, दहा केले तर प्रत्येकी १०००, वीस केले तर ७०० आणि साठ केले तर ५००. आलेख काढला तर वक्र आधी वेगाने आणि मग हळूहळू उतरताना दिसेल. एकाचे दहा करण्यात ५४०० रुपये वाचतात. विसाचे साठ करण्यात फक्त २००. तेव्हा संख्या वाढवण्याच्या मागे न लागता विसावर थांबणे शहाणपणाचे. दोन नग बिघडतील असे धरून बावीस करावेत. एकूण खर्च १४,८०० रुपये, म्हणजे प्रत्येक शाळेला ७४०.

कामाची रीत

अशी सामूहिक कामे बहुधा तंत्रामुळे नव्हे, तर माणसांच्या निरनिराळ्या अपेक्षांमुळे अडतात. एका शाळेला नळी लांब हवी, दुसरीला जाळी चौकोनी. प्रत्येकाचे ऐकले तर वीस नगांचा गट मोडून एकेका नगाचे वीस गट होतात आणि खर्च पुन्हा ६४०० कडे जाऊ लागतो. येथे पेणची दुसरी शिकवण उपयोगी पडते. साचा एकच, पण रंग, दागिने आणि आखणी निराळी. तसेच नळीचा व्यास, बैठकीची उंची, आटे आणि जोडणी सर्वांची एक. रंग, शाळेचे नाव आणि आतील मंडल ज्याचे त्याचे.

क्रम साधारण असा ठेवावा:

१. आराखडा काढून सर्व शाळांकडे पाठवावा. ठरलेल्या तारखेनंतर त्यात बदल नाही.

२. निम्मे पैसे आधी जमा करावेत. हिशेबाची वही कोणालाही पाहता यावी.

३. आधी फक्त एक नग करावा. त्यात कॅप्सूल व मंडल बसवून प्रत्यक्ष मुद्रण करावे. तो पसंत पडल्यावरच बाकीचे काम द्यावे.

४. नग आले की दांडीने तपासून, क्रमांक घालून वाटावेत आणि उरलेले पैसे घ्यावेत.

५. साचा, ठोकळा आणि दांडी एका शाळेत जपून ठेवावी. पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा नको.

वेळही विचारपूर्वक निवडावी. श्रावण-भाद्रपदात पेणच्या कारागिरांना मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीनंतर काम काढले तर त्यांनाही सवड मिळते, हवाही कोरडी असते आणि लग्नसराईपूर्वी मायक्रोफोन हाती येतात.

वर्गात करून पाहा

मायक्रोफोन जुळवल्यावर, कवच घालण्यापूर्वी, तो ध्वनिवर्धकाला जोडा आणि हात जवळ न्या. गुणगुण वाढेल. आता स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा कागद कॅप्सूलभोवती, तिला न टेकवता, गुंडाळा. काय फरक पडतो ते नोंदवा. मग त्या कागदापासून पहिल्या टाचणीला एक तार जोडा. गुणगुण ताबडतोब खाली येईल. कागद तोच होता. मग फरक कशाने पडला? विद्यार्थ्यांनी याचे उत्तर स्वतः शोधले की कवच केवळ शोभेचे नाही हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. त्यानंतर जाळी लावून मुद्रण करा, चिमटीने कवचावर टिचकी मारा, आणि ते किती वेळ वाजते ते ऐका.

वीस शाळांकडे सारखे मायक्रोफोन आले की आणखी एक फायदा होतो. वीस गावांतील मुद्रणे एकमेकांशी ताडून पाहता येतात. एकाच धवल्याची चाल पेणला कशी आणि रोह्याकडे कशी, हा फरक उपकरणाचा नसून गाणाऱ्यांचा आहे, असे खात्रीने म्हणता येते. तुलना करायची तर मोजण्याचे साधन सर्वत्र सारखे हवे. विज्ञानातील ही पहिली अट आपल्या विद्यार्थ्यांना एका पितळी नळीच्या निमित्ताने शिकता येईल.