ओर्टोना ते सेनिओ : इटलीतील कॅनेडियन सैनिक

दुसऱ्या महायुद्धातील कॅनडाच्या कामगिरीचा विषय निघाला की 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याचेच नाव प्रथम घेतले जाते. परंतु त्याआधी जवळजवळ अकरा महिने, म्हणजे जुलै 1943 मध्ये सिसिलीत पाय ठेवल्यापासून, कॅनेडियन सैनिक इटलीच्या आघाडीवर झुंजत होते. तेथे गेलेल्या सुमारे 93 हजारांपैकी पाच हजारांहून अधिक जण धारातीर्थी पडले, आणि तरीही ही आघाडी झाकोळली गेली, हा त्यांच्यावर झालेला अन्यायच होय.

या मोहिमेचे खडतर स्वरूप एड्रियाटिक किनाऱ्यावरील ओर्टोना या गावात दिसते. डिसेंबर 1943 मध्ये जर्मन छत्रीधारी सैनिकांनी तेथील घरे पाडून ढिगाऱ्यांनी गल्ल्या अडवल्या होत्या आणि उघड्या रस्त्यावर येणारा प्रत्येक जण मशिनगनच्या माऱ्यात सापडत होता. म्हणून कॅनेडियन तुकड्यांनी रस्ता टाळून घरांमधूनच वाट काढली: वरच्या मजल्यावरील सामाईक भिंत सुरुंगाने फोडायची, धुरळा खाली बसण्याआधी भगदाडातून पलीकडे शिरायचे आणि जिन्याने उतरत एकेक खोली ताब्यात घ्यायची. ऐन नाताळातही ही लढाई चालूच होती. 28 डिसेंबरला गाव हाती आले.

मे 1944 मध्ये कॅसिनोजवळच्या गारी नदीवर कॅनेडियन रणगाडे आठव्या भारतीय डिव्हिजनच्या दिमतीला होते. पायदळ पलीकडे पोहोचले, तरी रणगाड्यांवाचून तेथे टिकाव धरणे अवघड होते. कॅप्टन टोनी किंग्समिल यांच्या योजनेनुसार बेली पूल, म्हणजे लोखंडी सुटे भाग जोडून उभारायचा पूल, आधीच जुळवून बुरूज काढलेल्या एका रणगाड्याच्या पाठीवर चढवण्यात आला. मागून दुसरा रणगाडा तो रेटत असताना पुढचा सरळ नदीत उतरला आणि पूल दोन्ही काठांवर टेकला. भर गोळीबारात झालेले हे काम यंत्रज्ञान आणि धैर्य यांचा दुर्मीळ मेळ मानावे लागेल.

पुढे कॅनेडियन दळ उत्तरेकडे सेनिओ नदीपर्यंत पोहोचले आणि 1945 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वायव्य युरोपकडे रवाना झाले. त्याच नदीवर 9 एप्रिल 1945 रोजी आठव्या भारतीय डिव्हिजनमधील मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना सुरक्षित स्थळी पोहोचवून शत्रूचे मशिनगनचे मोर्चे मोडून काढले, आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.