नक्षी कुणाची आणि नाव कुणाचे?
मॉरिस कंपनीच्या वाटचालीतून कारागिरांना धडा

छापील चादर, पडदा, गालिचा घडविणारे हुन्नरी हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. मात्र त्या मालावर नाव लागते ते बहुधा दुसऱ्याचे. कारागिराला मजुरी मिळते, मधल्या व्यापाऱ्याला दलाली मिळते आणि मोठा नफा नाव असलेल्याकडे जातो. असे नाव कसे तयार होते, हे समजावे म्हणून आम्ही इंग्लंडमधील एका जुन्या पेढीची हकीकत येथे देत आहोत.

लहान भांडवल, मोठी मेहनत

विल्यम मॉरिस व त्याचे सहा भागीदार यांनी १८६१ साली लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमध्ये घरसजावटीची पेढी काढली. सुरुवातीचे भांडवल म्हणजे प्रत्येकी एक पौंड आणि मॉरिसच्या आईने दिलेले शंभर पौंडांचे कर्ज. रंगीत काचा, फर्निचर, भरतकाम अशी कामे ते घेत. पुढे भिंतीला लावायचा छापील कागद आला. तो लाकडी ठशांनी जेफ्री नावाची कंपनी छापून देई. पण नक्षी मॉरिसची असे आणि माल त्याच्या पेढीच्या नावाने विकला जाई.

१८७५ मध्ये भागीदारी मोडली. तिघा भागीदारांना प्रत्येकी हजार पौंड द्यावे लागले, तेव्हा कोठे पेढी एकट्या मॉरिसच्या हाती आली आणि ‘मॉरिस अँड कंपनी’ झाली. भागीदारीच्या अटी आरंभीच स्पष्ट लिहून घ्याव्यात, हे व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको.

मालक रंगाच्या हौदापाशी

मॉरिसला त्या काळचे रासायनिक रंग पसंत नव्हते. जुने वनस्पती रंग शिकण्यासाठी तो लीक गावी टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे गेला आणि स्वतः नीळ व मंजिष्ठाचे काम शिकला. १८८१ मध्ये त्याने मर्टन अॅबी येथे वँडल नदीकाठी स्वतःचा कारखाना घातला, कारण तेथील पाणी रंगकामाला चांगले होते.

त्याची ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही १८८३ ची नक्षी पाहा. आधी सगळे कापड निळीत बुडवायचे, मग ठशाने रंग उडविणारे द्रव्य लावून नक्षीपुरती नीळ काढायची, त्यानंतर लाल व पिवळा रंग चढवायचा. या कामाला कित्येक दिवस लागत. म्हणून हे कापड पेढीच्या सर्वांत महाग सुती मालात मोडे, तरीही गिऱ्हाईक ते घेई. दर का जास्त आहे, ते मालच सांगत होता.

एका गोष्टीकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. कागद, पडदा, गालिचा, खुर्ची हे सर्व एकाच दुकानात व एकाच धाटणीचे मिळे. १८७७ पासून ऑक्सफर्ड स्ट्रीटवर त्यांचे दुकान होते. हाताने विणलेल्या महागड्या गालिच्यांबरोबर यंत्रावर विणून घेतलेले स्वस्त गालिचेही तेथे मिळत. त्यामुळे मध्यम ऐपतीचा गिऱ्हाईकही रिकाम्या हाताने परत जात नसे.

दुकान गेले, नक्षी राहिली

मॉरिस १८९६ मध्ये वारला. त्यानंतर नक्षीकामाची जबाबदारी जॉन हेन्री डर्लने सांभाळली. हा माणूस दुकानातला मदतनीस म्हणून आला होता आणि तेथेच शिकून तयार झाला होता. १९४० मध्ये कंपनी बंद पडली. परंतु भिंतीच्या कागदाचे ठसे व नमुने सँडरसन कंपनीने घेतले. आज सँडरसन डिझाइन ग्रुप ‘मॉरिस अँड कंपनी’ याच नावाने कागद व कापड विकतो. २०१८ मध्ये एच अँड एम या तयार कपड्यांच्या कंपनीनेही या नक्ष्यांचे कपडे काढले.

वास्तविक मॉरिसच्या नक्ष्यांवरील कायद्याचा हक्क कधीच संपला आहे. त्या कोणीही छापू शकतो. तरीही लोक त्या नावाला जादा दाम देतात. कारण मूळ नमुन्यांचा साठा आणि विश्वास त्या नावामागे आहे.

आपण काय करावे?

पहिले म्हणजे जुने ठसे जळणात घालू नयेत व भंगारात देऊ नयेत. प्रत्येक नक्षीचा एक तुकडा, वर्ष व घडविणाऱ्याचे नाव वहीत ठेवावे. दुसरे, नवी नक्षी स्वतःची असेल तर डिझाइन कायदा, २००० खाली तिची नोंदणी करता येते. हक्क दहा वर्षांचा असून तो आणखी पाच वर्षे वाढवून मिळतो. मात्र अर्ज नक्षी बाजारात किंवा गिऱ्हाइकापुढे मांडण्याआधी करावा; एकदा ती उघड झाली की नवेपणा जातो आणि नोंदणीची संधीही जाते. पिढीजात चालत आलेल्या नक्षीची अशी नोंदणी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तिसरे, दुसऱ्याचे काम करून देताना नक्षी कुणाची राहणार, हे पावतीवर लिहून घ्यावे.

मजुरी आजचा खर्च भागवते. नक्षी आणि नाव जपले, तर त्यावर मुलाबाळांचाही धंदा उभा राहू शकतो.