नाणेघाट : वाट आणि तिचे नाव

जुन्नर तालुक्यातील घाटघर गावापासून सह्याद्रीच्या धारेपर्यंत येऊन, तेथून अरुंद खिंडीतून पायऱ्यापायऱ्यांनी मुरबाडकडील वैशाखरे गावी उतरणारी नाणेघाटाची वाट दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या राज्याची एक मुख्य नाडी होती. कारण पैठण व जुन्नर येथील पेठांचा माल कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे ज्या घाटांनी उतरे, त्यांत हा घाट प्रमुख होता, आणि म्हणूनच वर जीवधनासारखा बेलाग किल्ला उभा राहिला.

नाणी घेऊन जकात वसूल होई म्हणून हा नाणेघाट, अशी उपपत्ती सर्वत्र सांगितली जाते, आणि घाटमाथ्यावरील मोठा दगडी रांजण तिचा पुरावा म्हणून दाखविला जातो. जुन्या इंग्रज लेखकांनी मात्र याला 'नानाघाट' म्हटले आहे, आणि जवळच्या उत्तुंग कड्याला 'नानाचा अंगठा' हे नाव आजही आहे. एवढ्या रहदारीच्या घाटावर जकातीची चौकी असणे सर्वथा संभवनीय आहे. तथापि खिंडीच्या तोंडाशी असलेल्या लेण्यातील विस्तृत ब्राह्मी लेखात जकातीचे दर नाहीत की ती घेणाऱ्या अंमलदाराचे नाव नाही, आणि त्यामुळे नाण्याची व्युत्पत्ती मी लोकस्मृतीच्या खात्यावरच ठेवतो.

त्या लेखात जे आहे, ते जकातीच्या हिशेबाहून कितीतरी मोलाचे आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा प्राकृत लेख धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल यांना वंदन करून सातकर्णीची राणी नागनिका हिच्या घराण्याने केलेल्या अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांतील दक्षिणेची यादी देतो. गाई, घोडे, हत्ती आणि २४,४०० कार्षापण नाणी अशा त्यातील नोंदींमुळेच ब्राह्मी अंकांच्या अभ्यासकांना हा लेख अमूल्य वाटत आला. मागील भिंतीशी एकेकाळी सिमुक, नागनिका, सातकर्णी आणि राजकुमार यांच्या प्रतिमा होत्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली पावलांचे अवशेष एवढेच उरले आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखांवर परिश्रम घेतले आणि ब्यूलर यांनी १८८३ साली त्यांचे संपादित वाचन प्रसिद्ध केले. वैदिक यज्ञांचा हा गौरव राणीने राजधानीतील मंदिरात न कोरविता वाटसरूंच्या विसाव्यापाशी कोरविला, यावरून या वाटेची प्रतिष्ठा लक्षात यावी.

पुढे शक क्षत्रपांच्या चढाईने कल्याणचा व्यापार खंडित झाला. तेथे चुकून गेलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेचा अज्ञात कर्ता लिहितो. वाट मात्र बैलांच्या तांड्यांनी जागती राहिली. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली, आणि चाकाला न चढणारी ही पायऱ्यांची वाट मागे पडली.

आता येथे सहलींची गर्दी असते, आणि लेण्याच्या दगडावर आपली नावे कोरणाऱ्यांचाही तीत समावेश असतो. वाचकांना एवढीच विनंती, की जाण्यापूर्वी वा. वि. मिराशी यांचा 'सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख' हा ग्रंथ चाळावा, आणि लेण्यात त्या अक्षरांना हातही लावू नये.