वाटा, अंतर आणि दर : बँडविड्थची किंमत देशागणिक का बदलते?



मराठी मजकूर युनिकोडमध्ये कसा टंकित करावा, हे आपण या घटकाच्या आधीच्या भागात पाहिले. मजकूर सिद्ध झाला की एक व्यवहारी प्रश्न उभा राहतो : तो ठेवायचा कोठे? सर्व्हरवरील जागा भाड्याने देणाऱ्या, म्हणजे होस्टिंग पुरवणाऱ्या, कंपन्यांची दरपत्रके तुम्ही चाळलीत, तर सर्व्हर कोणत्या देशात आहे यानुसार दर बदलत असल्याचे तुमच्या लक्षात येईल. यंत्र तेच, तारही तशीच. मग दर वेगळा का? ‘अंतर अधिक म्हणून’ हे उत्तर चटकन सुचते, पण ते पुरेसे नाही.

प्रथम संज्ञा पाहू. ‘बँडविड्थ’ हा शब्द मूळचा रेडिओ अभियांत्रिकीतला. वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी हा त्याचा अर्थ. संगणकाच्या व्यवहारात तो ‘एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते ती क्षमता’ या अर्थाने रूढ झाला. होस्टिंगच्या जाहिरातींत मात्र महिनाभरात वाहून नेलेल्या एकूण माहितीलाही बँडविड्थच म्हणतात. नळाची रुंदी आणि महिन्याचे पाणी या दोहोंना एकच नाव द्यावे, तसा हा प्रकार आहे. दरपत्रक वाचताना तो ध्यानात ठेवावा.

आंतरजाल म्हणजे हजारो स्वतंत्र जाळ्यांची जोडणी. लहान जाळे मोठ्या जाळ्याला पैसे देऊन जगभरची पोहोच विकत घेते, तेव्हा त्या व्यवहाराला ‘ट्रान्झिट’ म्हणतात. दोन तुल्यबळ जाळी एकमेकांच्या ग्राहकांची माहिती सहसा विनामूल्य स्वीकारतात, तेव्हा ते ‘पिअरिंग’. ॲमस्टरडॅम, फ्रँकफर्ट, लंडन येथील विनिमय केंद्रांत शेकडो जाळी एकाच ठिकाणी भेटतात. तेथे विकणारेही पुष्कळ असतात, म्हणून दर कमी राहतात.

याउलट स्थिती केनियात होती. ते उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण तेथे प्रत्येक कारण सुटे सुटे दिसते. 2009पर्यंत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला जगाशी जोडणारी समुद्राखालील प्रकाशतंतूची केबल नव्हती. सारी मदार सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरील उपग्रहांवर होती. नैरोबीतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने शेजारच्या गल्लीतील, पण दुसऱ्या कंपनीच्या, ग्राहकाला पत्र पाठवले, तर ते उपग्रहामार्गे परदेशी जाऊन परत नैरोबीत येई आणि दोन्ही खेपांचे पैसे केनियातूनच जात. हे टाळण्यासाठी तेथील सेवादात्यांनी 2000च्या नोव्हेंबरात नैरोबीत विनिमय केंद्र उभारले. आंतरराष्ट्रीय दळणवळणाची मक्तेदारी असलेल्या सरकारी दूरसंचार कंपनीने तक्रार केली आणि दोन आठवड्यांच्या आत नियामकाने ते बंद करविले. ते पुन्हा सुरू व्हायला 2002 उजाडले. 2009च्या जुलैमध्ये सीकॉम ही केबल मोंबासाला पोहोचली (तिचे एक टोक आपल्या मुंबईत आहे), पाठोपाठ दुसऱ्या केबली आल्या आणि घाऊक दर झपाट्याने उतरले. नैरोबी आणि युरोप यांमधील अंतर होते तेवढेच राहिले. वाटा मात्र वाढल्या होत्या.

भारताचा अनुभव फार निराळा नाही. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजाल खुले केले. खासगी सेवादात्यांना 1998मध्ये परवानगी मिळाली आणि देशी विनिमय केंद्रांसाठी ‘निक्सी’ ही संस्था 2003मध्ये स्थापन झाली. शिवाय एक असमतोल होता. आंतरराष्ट्रीय दूरध्वनीच्या तारेचा खर्च दोन्ही देश वाटून घेत; आंतरजालासाठी अमेरिकेपर्यंत जाणाऱ्या तारेचा खर्च मात्र बहुधा दुसऱ्या देशालाच सोसावा लागे. तो वाटून घेण्याची वाटाघाट व्हावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2000मध्ये केली. अमेरिकेने ती मानली नाही. त्यामुळे अमेरिकेतला सर्व्हर आपल्याला स्वस्त पडे. त्या काळी आमच्या विभागाचा परिभाषाकोशही अमेरिकेतल्या सर्व्हरवर होता. पुण्यातला विद्यार्थी पुण्यात तयार झालेला शब्द महासागर ओलांडून वाचत असे. मराठी मजकूर कोठे वस्तीला राहतो, हे भाषेखेरीज अशा हिशेबांनीही ठरते, म्हणून हा विषय तुमच्यापुढे ठेवला.

होस्टिंगच्या दरात विजेचा दर, थंडाव्याचा खर्च, जागेचे भाडे आणि यंत्रांवरील आयातकर यांचाही वाटा असतो. फिनलंडमधील हामिना येथे गूगलने जुन्या कागद कारखान्यात सर्व्हर ठेवले, तेथे समुद्राचे थंड पाणी वापरता येते. नवी मुंबईच्या उकाड्यात तीच थंडी वीज जाळून मिळवावी लागते.

मराठीपुरती आणखी एक बाब. ‘मराठी’ या शब्दात पाच संकेतचिन्हे आहेत : म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण 15 बाइट लागतात. तोच शब्द रोमन लिपीत सात अक्षरांचा, म्हणून सात बाइटांचा. तथापि यामुळे देवनागरी सोडण्याचे कारण नाही. मजकूर पाठवताना आकुंचित केला जातो, आणि एका छायाचित्राइतक्या जागेत अख्खी कादंबरी मावू शकते.

करून पाहा : तुमच्या वाचनातील एखादे मराठी संकेतस्थळ निवडा आणि संगणकावरील ‘ट्रेसरूट’ या आज्ञेने त्याची वाट शोधा. प्रत्येक टप्प्यापुढे मिलिसेकंदांचा आकडा दिसेल. तो विशी-तिशीवरून एकदम दोनशेच्या आसपास गेला आणि पुढेही तसाच राहिला, तर तेथे माहितीने बहुधा समुद्र ओलांडला आहे. असा टप्पा आढळल्यास त्याची नोंद वहीत करा.